पाइपावर बसलेली बाई

नोकरीत तू नेमकं काय करत होतीस, असं कोणी विचारलं की मी आधी चहा टाकते. उत्तराला तेवढा वेळ लागतोच. आणि सगळं ऐकून झाल्यावर विचारणारा हमखास म्हणतो, "म्हणजे बँकेतच होतीस ना?"

नाही हो, बाप्पा. बँक पैसा उसना देते, व्याज लावते, काहीतरी गहाण ठेवून घेते आणि सुखानं झोपते. आमची संस्था भागीदार व्हायची. छोट्या कारखान्यात पैसा घालायचा आणि पुढची सात-आठ वर्षं त्या मालकाबरोबर एका बैलगाडीत बसायचं. गाडी पोचली तर आपणही पोचलो, खड्ड्यात गेली तर आपणही गेलो. मुख्य कार्यालय मुंबईला. यवतमाळला आम्ही तिघंचौघं, दोन खोल्या, एक जीप आणि जीपचे चालक बाबाराव, ज्यांना जिल्ह्यातला प्रत्येक चहावाला नावानं ओळखायचा. जिनिंग, दालमिल, तेलगिरणी, ट्रकवाले असे अर्ज यायचे. जाऊन पाहायचं, बोलायचं, मत लिहायचं, हे माझं काम.

एके वर्षी मुंबईहून एक नवा तक्ता आला. नफ्यातोट्याचं गणित होतंच, त्याच्या शेजारी तीन नवे रकाने होते: पर्यावरण, समाज, कारभार. प्रत्येकाला वेगळे गुण. आज या तीन गोष्टींची ईएसजी ही इंग्रजी अक्षरं टीव्हीवरच्या जाहिरातीतसुद्धा दिसतात. तेव्हा आमच्या ऑफिसात कोणाला काही उमजेना. बाबारावांनी तर, हे शाळेचं प्रगतिपुस्तक आहे का, असं विचारलं.

मी तो तक्ता घरी नेला आणि आईला समजावून सांगायला बसले. आई चौथी शिकलेली, पण साऱ्या नात्यातल्या सोयरिकी तिनं जमवलेल्या. तिनं अर्धंच ऐकलं आणि म्हणाली, "म्हणजे तू पोरगा पाहाले जातं. मंग त्यात नवं काय आहे? शेतीवाडी तं सारेच सांगतात. आपण पाहाचं, पोरीले पाणी कुठून आणा लागते, घरातले लोक तिच्याशी कसे वागतीन, आन् त्या घरात कोणाचं चालते."

झालं. पाणी, माणसं आणि कोणाचं चालतं. मुंबईनं त्यावर तीन दिवसांचं प्रशिक्षण ठेवलं होतं, मी तिथं जाऊन जेवण तेवढं चांगलं जेवून आले.

ती कापसाची वाईट वर्षं होती. भाव पडलेले, बियाणं दगा देऊन राहिलेलं, आणि वर्तमानपत्र उघडावंसं वाटू नये अशा बातम्या रोज. त्यामुळे आमच्या जिल्ह्यात पाहणी करायला येणाऱ्यांची रीघ लागली होती. आज दिल्लीची समिती, उद्या मुंबईचे साहेब, परवा परदेशी पाहुणे. विश्रामगृहात खोली मिळेना. या सगळ्याचा एक परिणाम असा झाला की आमची माणसं पाहणी करून घेण्यात पटाईत झाली. जीप दिसली की काय झाकायचं, काय मांडायचं, हे शेंबड्या पोरालाही कळू लागलं.

वणीला एका कोळसा वाहणाऱ्या ट्रकमालकाकडे गेलो होतो. आवारात काळी भुकटी असणार याची खात्री होती, पण भिंतीलगत तेलाच्या डब्यांत लावलेली अशोकाची झाडं रांगेनं उभी. हिरवीगार. मी पर्यावरणात दोन गुण जास्त दिले. पुढच्या महिन्यात वणीलाच दुसऱ्या एकाकडे गेलो, तर तिथंही तशीच रांग. बाबाराव एका डब्याजवळ थांबले आणि म्हणाले, "मॅडम, हा पोचा पडलेला डबा आपल्या ओळखीचा आहे." आमच्याच पुढे-मागे ती झाडं नर्सरीतून भाड्यानं फिरून राहिली होती. झाडांचे दौरे आमच्यापेक्षा जास्त झाले असतील. मी दोघांचेही गुण कापले.

एका दालमिलवाल्यानं समाज या रकान्याला छाती फुगवून उत्तर दिलं होतं. गणपतीची वर्गणी देतो, देवीची देतो, कोणाच्या लग्नाला नाही म्हटलं नाही. मी विचारलं, तुमच्याकडे काम करणाऱ्या बायकांसाठी संडास कुठं आहे? तो चारी दिशांना हात फिरवून म्हणाला, "मोकळी हवा आहे ना, मॅडम." एका उत्तरात त्यानं समाजही निकालात काढला आणि पर्यावरणही.

कारभार हा रकाना मात्र सगळ्यात अवघड. हिशेब तपासनीस तपासतात, सह्या वकील पाहतात, पण मालकाची चाल कशी कळणार? त्यासाठी मी एक प्रश्न शोधून काढला होता आणि तो प्रत्येक ठिकाणी विचारायची: तुम्हाला इथं नाही कोण म्हणतं? बहुतेकांना प्रश्नच कळायचा नाही. काही हसायचे आणि घराकडे बोट दाखवायचे, म्हणजे बायको. एकानं मिशीला पीळ देत सांगितलं की मले नाही म्हणाले कोणाची माय व्याली आहे? त्याच्याकडे पैसा गेला नाही. दोन वर्षांनी त्यानं भावालाच फसवलं, म्हणून त्या प्रश्नावरचा माझा विश्वास पक्का झाला.

सगळंच असं हसण्यावारी नव्हतं. घाटंजीजवळ सरकीच्या तेलाची एक गिरणी होती. तिचं काळं पाणी सरळ नाल्यात जायचं आणि मालक सुधारायला तयार नव्हता. आम्ही नकार दिला. पुढच्या वर्षी गिरणी बंद पडली. काही महिन्यांनी मी घाटंजीच्या आठवडी बाजारात भाजी घेत होते, तर समोर पाल टाकून बसलेला माणूस त्याच गिरणीतला. त्यानं मला ओळखलं. वांगी तोलता तोलता शांतपणे म्हणाला, "नाला साफ झाला मॅडम. मासोळ्या आल्या. आता आमचं काय?" त्यानं वर दोन वांगी जास्तीची टाकली, त्याचं मला फार वाईट वाटलं. नकार बरोबर होता, असं मी आजही म्हणेन. पण त्या दिवसापासून तक्त्यात गुण मांडताना तो माणूस डोळ्यासमोर येऊन बसायचा.

आणि अशात दिग्रसच्या बंडूभाऊ गावंड्यांचा अर्ज आला.

दिग्रस म्हणजे कापसाची पेठ. बंडूभाऊंची जिनिंग तशी लहान. शेतकऱ्याचा कापूस येतो, आवारात त्याची गंजी लागते, म्हणजे घराएवढा ढीग. बायका तो पसरून त्यातली पत्ती-कचरा वेचतात, टोपल्यांनी मशीनपाशी नेतात. मशीन सरकी वेगळी करते आणि रुई वेगळी. मग रुईच्या गाठी बांधून विकतात. सगळं छान, पण मशीन चालू झाली की रुईचे बारीक तंतू हवेत उडतात. ते नाकात, डोळ्यांत, छातीत जातात. तिथल्या बायका हंगामभर खोकायच्या. हा धुरळा ओढून घेणारे मोठे पंखे आणि नळकांडी बसवायला बंडूभाऊंना आमचा पैसा हवा होता. त्यांनी अर्जातच स्पष्ट लिहिलं होतं की पैसा नाही मिळाला तर हा शेवटचा हंगाम. कापसात काही राहिलं नव्हतं, आणि एक सिमेंटवाला गोदाम म्हणून सारी जागा भाड्यानं घ्यायला तयार होता. गोदामाला बायका लागत नाहीत, एक पहारेकरी पुरतो.

पाहणीला मुंबईहून सबनीस साहेब आले. तरुण, हुशार, सरळ माणूस. त्याआधी दुसऱ्या एका जिल्ह्यात त्यांनी मंजूर केलेल्या जिनिंगनं रुईवर पाणी मारून वजन वाढवलं होतं. गाठी आतून पिवळ्या पडल्या, व्यापाऱ्यानं माल परत पाठवला आणि आमचा पैसा बुडाला. तेव्हापासून ते फुंकून फुंकून ताक पीत होते. त्यात त्यांना धुळीची शिंक यायची. धामणगावला गाडीतून उतरल्यापासून दिग्रसपर्यंत ते शिंकत होते आणि प्रत्येक शिंकेला बाबाराव गंभीरपणे "सत्य आहे" म्हणत होते.

जिनिंगच्या फाटकात शिरलो आणि सबनीस खूश झाले. आवारात सुंदर सडा मारलेला. धुळीचा कण नाही. मशीन बंद. बंडूभाऊ पांढरा सदरा घालून हार घेऊन उभे. साठीकडे झुकलेला, गोल चेहऱ्याचा, बोलघेवडा माणूस. पण त्या दिवशी त्यांच्या तोंडातून शब्द निघत नव्हता. ते आम्हाला सारखे डावीकडच्या ऑफिसात नेऊ पाहत होते. सबनीस म्हणाले, आधी गंजी पाहू.

गंजीपाशी एक बाई बसलेली होती. पन्नाशीची, उंचनिंच, कपाळाला घामानं चिकटलेले केस. आगीसाठी ठेवलेल्या जाड रबरी पाइपाचं वेटोळं करून ती त्यावर पाय पसरून, हाताची घडी घालून बसली होती. मागे बाकीच्या बायका उभ्या. कोणाच्या हातात काम नाही. आम्हाला पाहून ती "जयभीम" म्हणाली, मीही म्हणाले. पण ती उठली नाही.

सबनीसांनी विचारलं, ह्या कोण? बंडूभाऊ म्हणाले, ही सुलोचनाबाई, गंजीवरच्या बायकांची मुकादमीण. मग अशा का बसल्यात? बंडूभाऊंनी टोपी काढली, परत घातली आणि म्हणाले, "तब्येत नरम आहे तिची." सुलोचनाबाई एका हातानं बैल थांबवेल अशी दिसत होती. तिनं फक्त भाऊंकडे बघितलं. त्या नजरेत जे होतं ते तब्येत नरम असलेल्या माणसाच्या नजरेत नसतं.

सबनीस माझ्या कानाशी आले आणि म्हणाले, इथं संप चालू आहे आणि आपल्याला सांगत नाहीत. त्यांनी समाजाच्या रकान्यात काहीतरी लिहिलं. मग सहज म्हणून गंजीत हात घातला आणि तसाच झटकन बाहेर काढला. हात ओला होता.

त्यांचा चेहराच बदलला. कापूस वजनावर विकतात आणि पाणी फुकट मिळतं, एवढं कळायला जिनिंगवाला असावं लागत नाही. कारभाराच्या रकान्यातही त्यांनी लिहिलं. मग मशीन बंद ठेवून आमच्यापासून धुरळा लपवला, हेही त्यांच्या ध्यानात आलं आणि पर्यावरणही गेलं. आम्हाला येऊन चहा होण्याइतका वेळही झाला नव्हता, आणि बंडूभाऊ तिन्ही विषयांत नापास झाले होते. सबनीस मला म्हणाले, चला मॅडम, इथं थांबण्यात अर्थ नाही. बंडूभाऊंच्या हातातला हार अजून तसाच होता. मागे उभ्या बायकांना आमचं बोलणं कळत नव्हतं, पण काय होऊन राहिलंय ते कळत होतं. एका पोरसवदा बाईनं तोंडाला पदर लावला.

मला घाटंजीचा भाजीवाला आठवला. मी म्हटलं, साहेब, पाच मिनिटं द्या.

मी बाह्या सरसावल्या आणि गंजीत खांद्यापर्यंत हात घातला. आत कापूस खडखडीत कोरडा, चांगला ऊबदार. वळसा घालून मागच्या बाजूला गेले. तिकडेही कोरडा, वर धूळ. उजवीकडे कोरडा. ओली होती ती फक्त फाटकाकडची बाजू, तीही वरवर. आता वजनासाठी पाणी मारणारा चोर ते आत मारतो, जिथं गिऱ्हाइकाचा हात पोचत नाही. या गृहस्थानं मारलं होतं बाहेरून, जिथं पाहुण्याचा डोळा पडतो. मला हसू यायला लागलं. मी आमच्या जिल्ह्यातली आहे. पाहुणा यायचा म्हटलं की आधी अंगणात सडा पडतो, आणि साहेब यायचा म्हटलं की सारं आवार भिजवतात. बंडूभाऊंना कळलं होतं की येणारे साहेब पर्यावरणाचे आहेत. आवारात पाणी मारून झाल्यावर गंजीवरून भुरभुर उडताना दिसली असेल, तर घेतला असेल पाइप आणि मारलं असेल गंजीवरही. साहेबांच्या डोळ्यांत धूळ जाऊ नये म्हणून!

पण हे मी सांगून उपयोग नव्हता. मी बंडूभाऊंसमोर उभी राहिले आणि माझा नेहमीचा प्रश्न विचारला. म्हटलं, भाऊ, तुम्हाला इथं नाही कोण म्हणतं?

बंडूभाऊंनी मान खाली घातली. मग हळूच पाइपाकडे पाहिलं.

"मी म्हणते," सुलोचनाबाई म्हणाली. "पाहुण्याच्या पुढे घरचं भांडन कायले काढाचं म्हणून गप बसली होती. पन आता तुमी चाललेच तं आइका. सकाळपासून याईले सांगून राह्यली, अंगनात मारा, गंजीवर मारू नका. वल्ला कापूस मशीनीत अडकते. मशीन बंद तं आमची मजुरी बंद. अन् लोक म्हनतीन गावंड्याचा माल पान्याचा. हातची रुई हाय आमच्या. नाही आइकलं, तं घेतला पाइप अन् बसली त्याच्यावर."

बंडूभाऊ पुटपुटले की साहेबांना धूळ दिसू नये म्हणून केलं, माझ्या मनात दुसरं काही नव्हतं. त्यावर ती त्यांच्याकडे वळली. आवाज चढवला नाही, उलट जरा खालीच आणला.

"भाऊ, खोकला आमाले येते, अन् झाकून तुमी राह्यले. दाखवा ना त्याईले. धूळ दिसलीच नाही तं पंखा कोन कायले देईन?"

मुंबईच्या तीन दिवसांच्या प्रशिक्षणात ही गोष्ट कोणी इतकी सरळ सांगितली नव्हती, हे खरं. सबनीसांनी पेन खिशात ठेवलं आणि म्हणाले, मशीन चालू करा.

सुलोचनाबाई उठली. पाइप काखोटीला मारूनच उठली, ठेवला नाही. बायका कामाला लागल्या. त्यांनी नाकातोंडाला पदर गुंडाळले, मशीनचा धडधडाट सुरू झाला आणि दोन मिनिटांत आत समोरचं माणूस दिसेना. सबनीस आत उभे राहिले. शिंकत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हलले नाहीत. बाबाराव दारातून पाहत होते आणि प्रत्येक शिंकेला इमानेइतबारे साक्ष देत होते. बाहेर आले तेव्हा साहेबांच्या भुवया, मिशा, केस सगळं पांढरं झालेलं. सुलोचनाबाईनं त्यांना तांब्याभर पाणी दिलं आणि म्हणाली, एका दिवसात म्हातारे झाले साहेब, आमी तं चार महिने राहतो इथं.

परतीच्या वाटेवर खरी झुंज झाली. सबनीस म्हणाले, वजनाची चोरी नाही हे मला पटलं. पण धुरळा भयंकर आहे आणि मालकानं तो लपवायचा प्रयत्न केला, हे दोन्ही खरं आहे. गुण कुठून आणू? मी म्हटलं, आजच्या धुरळ्याचे गुण कमीच द्या. पण आपण नाही म्हटलं तर धुरळा जाईल तो बायकांसकट जाईल. तिथं सिमेंटची पोती राहतील. पर्यावरणात पैकीच्या पैकी, समाजात माणूसच नाही. मी त्यांना घाटंजीची गोष्ट सांगितली.

दारव्ह्याला चहाला थांबलो. सबनीस म्हणाले, लपवणाऱ्या मालकावर मी विश्वास कसा ठेवू, एवढंच सांगा.

मी म्हटलं, "मालक लपवणारा आहे, मान्य. पण तिथं लपवू न देणारीही आहे, आणि तिला त्यानं कामावरून काढलेलं नाही. पाइप हिसकून घेणं त्याला जड नव्हतं. ती बसली तर हा उभा राहिला. एवढ्या वर्षांत मला असा कारभार दुसरीकडे दिसला नाही."

त्यांनी चहा संपवला, आणखी एक मागवला आणि म्हणाले, मग हे करारातच घालू.

करार झाला तो असा. पंखे पहिल्या वर्षातच बसले पाहिजेत. दर महिन्याला मालक, आमचा एक माणूस आणि गंजीवरच्या बायकांतली एक, अशी बैठक झाली पाहिजे. आणि कापूस, पाणी, मशीन यांबाबत त्या बाईनं नाही म्हटलं, तर तो विषय आमच्यापर्यंत आल्याशिवाय मालकानं पुढं जायचं नाही. मुंबईच्या समितीत यावर पुष्कळ डोकी खाजवली गेली म्हणे. सबनीस तिथं भांडले. मी तो मसुदा वाचून दाखवायला दिग्रसला गेले, तेव्हा बंडूभाऊ खळखळून हसले. म्हणाले, "मॅडम, हे बाई तं फुकटात नाही म्हणते. याले कागद कायले?" सुलोचनाबाईनं मात्र ते कलम दोनदा वाचायला लावलं आणि मग ठसठशीत सही केली.

पंखे बसले. पुढच्या हंगामाच्या मुहूर्ताला मी गेले. मशीन चालू होती आणि आत उभ्या असलेल्या बायकांचे चेहरे दिसत होते. मी नुसती बघत राहिले, मला फार आनंद झाला होता. सुलोचनाबाईनं तक्रार केली की पंख्याचा आवाज लय आहे, भाऊसंग भांडाले आता मोठ्यानं बोला लागते. खोकला पूर्ण गेला नाही, पण रात्री झोप लागते, असं ती म्हणाली. वाईट वर्षं संपली नव्हती, दोन हंगाम तर जेमतेम निघाले. पण ती जिनिंग टिकली, आणि पुढं आमचा पैसा वाढून परत आला. माझ्या हातून गेलेल्या कामांत मला सगळ्यात जास्त अभिमान याच कामाचा आहे, आणि त्यात मी केलं काय, तर एका गंजीत खांद्यापर्यंत हात घातला.

माझ्या निवृत्तीच्या थोडं आधी बंडूभाऊंचा फोन आला. सुलोचनाबाई काम सोडून राहिली होती. गुडघे गेले होते, लेकाच्या घरी पुसदला राहायला चालली होती. तिचा सत्कार ठेवला होता आणि मला बोलावलं होतं.

गेले. आवारात खुर्च्या मांडलेल्या. सुलोचनाबाई निळी नवी साडी नेसून मधल्या खुर्चीवर अवघडून बसलेली. बंडूभाऊ आता चांगलेच थकले होते. माझ्याजवळ बसले आणि शालीची घडी हातात धरून म्हणाले, "मॅडम, भांडणारी माणसं पैसे देऊन भेटत नाहीत. आता मले नाही कोण म्हणन?" त्यांचे डोळे भरून आले होते.

पण सवय कुठं जाते! तेवढ्यात फाटकातून आणखी पाहुणे येताना दिसले, आणि वाऱ्यानं जरा धूळ उडाली. बंडूभाऊ लगेच उठले. कोपऱ्यातला आगीचा पाइप स्वतः ओढत आणला, गंजीच्या बाजूला उभे राहिले आणि नळावरच्या माणसाला हात केला. सुलोचनाबाईनं ते पाहिलं. ती खुर्चीच्या हाताला धरून, दुखरे गुडघे सांभाळत उठायला लागली.

पाणी काही येईना. बंडूभाऊंनी पाइप झटकला, तोंडाशी नेऊन पाहिला, नळावरच्या माणसावर ओरडले. तो म्हणाला, भाऊ, नळ तं पुरा चालू आहे. मग सगळ्यांनी मागं वळून पाहिलं. गेल्याच हंगामात कामावर आलेली वर्षा नावाची बाई पाइपावर पाय देऊन उभी होती.

"भाऊ," ती म्हणाली, "पाइप आगीसाठी हाय. पाहुन्यासाठी नाही."

सुलोचनाबाई परत खुर्चीत बसली. पाय पसरले, हाताची घडी घातली.

"चला," ती म्हणाली, "आता मी जाते."